प्रश्नोत्तरे : तेलावर तोललेला टॅपेट

प्रश्न : आमच्याकडे वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. दर काही हजार किलोमीटरला मेकॅनिक टॅपेट कव्हर उघडतो, फिलर गेज घालतो आणि टॅपेट सेट करून देतो. माझ्या मामेसासऱ्यांनी नुकतीच साठच्या दशकातली व्ही-८ इंजिनाची शेव्हरोले इंपाला घेतली. तिचा मेकॅनिक म्हणतो, "हिला टॅपेट सेटिंग नसतं, हायड्रॉलिक आहेत." पण पावसाळा संपल्यावर ती पहिल्यांदा सुरू केली, तेव्हा टॅपेटचा आवाज पद्मिनीपेक्षा मोठा होता. थोड्या वेळाने तो आपोआप थांबला. हे हायड्रॉलिक टॅपेट म्हणजे नेमकं काय? ते वाजतात तरी का? आणि आमच्या पद्मिनीला बसवता येतील का?
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. पद्मिनीला हायड्रॉलिक टॅपेट बसवायच्या फंदात पडू नका. कारण ओघात येईलच. पण हायड्रॉलिक टॅपेट समजून घ्यायला तुमची पद्मिनीच सगळ्यात सोयीची, म्हणून सुरुवात तिच्यापासून करू.

कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या या गाडीच्या १०८९ सीसी इंजिनात चार सिलिंडर आणि आठ व्हॉल्व्ह. कॅमशाफ्ट खाली, इंजिनाच्या ब्लॉकमध्ये. कॅमचा उंचवटा फिरत वर आला की त्यावर टेकलेला टॅपेट उचलला जातो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरचं एक टोक वर करतो आणि रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्हची दांडी खाली दाबतं. व्हॉल्व्ह उघडतो. उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्हला परत बसवते. ही सगळी साखळी लोखंड-पोलादाची, आणि लोखंड तापलं की वाढतं. पोलादाचा १०० मिलिमीटर लांबीचा दांडा १०० अंश सेल्सिअसने तापला तर साधारण ०.१२ मिलिमीटरने लांबतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड तर त्याहून कितीतरी जास्त तापतं. इंजिन थंड असताना साखळीत जागाच ठेवली नाही, तर गरम झाल्यावर दांडी वाढेल, तिला जायला वाव नसेल आणि व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पूर्ण टेकणार नाही. व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटवर टेकलेला असतानाच हेडला देतो. तो टेकलाच नाही तर पेटलेले वायू त्याच्या कडेवरून निसटत राहतात आणि कड जळते.

म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमध्ये बारीकशी फट मुद्दाम ठेवतात. मेकॅनिक फिलर गेजची पाती घालून तपासतो ती हीच फट. फट आहे म्हणजे दर वेळी रॉकर दांडीवर किंचित आपटणार, आणि त्याचा आवाज होणार. पद्मिनीची ती बारीक टिकटिक हा दोष नव्हे. जुने मेकॅनिक सांगतात की वाजणारा टॅपेट परवडतो, घट्ट टॅपेट परवडत नाही. ते शब्दशः खरं आहे. फट हवी त्याहून जास्त झाली तर आवाज वाढतो आणि भाग लवकर झिजतात, पण फट संपली तर व्हॉल्व्ह जातो. कॅम, टॅपेट, रॉकरचं टोक झिजलं की फट वाढते. व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत गेला की ती कमी होते, आणि ही दुसरी गोष्ट कानाला कळत नाही. म्हणून गाडी शांत वाटली तरी पद्मिनीचं टॅपेट सेटिंग टाळू नये.

आता हायड्रॉलिक टॅपेट. यालाच लिफ्टरही म्हणतात. एकीकडे फट नको, कारण आवाज नको. दुसरीकडे दांडी वाढेल तेव्हा तिला जागा तर हवी. हे दोन्ही एकाच वेळी साधायचं, तर साखळीतला एक तुकडा असा हवा जो कॅमचा धक्का बसताना घट्ट राहील आणि धक्का नसताना हळूच आपली लांबी बदलेल. हे काम तेल करतं.

घरी करून पाहण्यासारखं आहे. सुई काढलेली सिरिंज पाण्याने भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, तोंड बोटाने बंद करा आणि दांडा दाबा. तो जागचा हलत नाही, कारण द्रव जवळजवळ दबत नाही. आता आत थोडी हवा घ्या आणि पुन्हा दाबा. दांडा लगेच आत जातो. हायड्रॉलिक लिफ्टरचं चांगलं वागणं आणि बिघडणं या दोन अनुभवांत आलं.

इंपालाच्या २८३ घन इंचांच्या व्ही-८ इंजिनात असे सोळा लिफ्टर असतात. लिफ्टर म्हणजे खालून बंद असलेली पोलादी नळी. तिच्यात वरखाली सरकणारा छोटा प्लंजर असतो, आणि पुशरॉड त्या प्लंजरच्या माथ्यावरच्या खोलगट वाटीत टेकतो. प्लंजर आतून पोकळ. इंजिनाच्या ऑइल गॅलरीतलं दाबाखालचं तेल लिफ्टरच्या अंगावरच्या भोकातून या पोकळीत येतं. प्लंजरच्या तळाला आणखी एक भोक असतं, आणि त्याच्यावर खालच्या बाजूने एक बारीक गोळी किंवा चकती बसते. ही एकाच दिशेने उघडणारी झडप. तिच्या खाली, प्लंजर आणि नळीचा तळ यांच्यामध्ये एक छोटा कोठा असतो. त्याच कोठ्यात एक हलकी स्प्रिंग प्लंजरला वर ढकलत असते.

व्हॉल्व्ह बंद आहे, कॅमचा उंचवटा दूर आहे, अशा वेळी ही स्प्रिंग प्लंजरला तेवढाच वर सरकवते जेवढी साखळीत ढील असेल. प्लंजर वर गेला की खालच्या कोठ्यात जागा होते, गोळी बाजूला होते, वरून तेल येऊन ती जागा भरते. फट उरलीच नाही. आता उंचवटा येतो आणि लिफ्टरला वर ढकलतो. व्हॉल्व्हच्या ताकदवान स्प्रिंगचा सगळा भार प्लंजरवर येतो, कोठ्यातल्या तेलाचा दाब एकदम चढतो, गोळी भोकावर बसते आणि तेल कोंडलं जातं. कोंडलेलं तेल दबत नाही, म्हणून लिफ्टर त्या क्षणी भरीव लोखंडासारखा वागतो आणि व्हॉल्व्ह उघडतो.

खरी कारागिरी यापुढची आहे. प्लंजर आणि नळी यांच्यामध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावं लागेल एवढं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. भार असताना त्या अंतरातून अगदी थोडं तेल झिरपून बाहेर जातं, म्हणजे प्रत्येक उचलीत लिफ्टर किंचित आखूड होतो. इंजिन तापून व्हॉल्व्हची दांडी वाढली असेल तर या आखूड होण्यातूनच तिला जागा मिळते. वाढली नसेल, तर व्हॉल्व्ह बंद होताच स्प्रिंग प्लंजरला परत वर घेते आणि गेलेलं तेल भरून येतं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे १५०० फेरे घेतो. म्हणजे प्रत्येक लिफ्टर सेकंदाला २५ वेळा आपली लांबी स्वतः तपासून दुरुस्त करतो. फिलर गेज घेऊन कुणी एवढं करू शकणार नाही. एवढ्याशा भागात बसवलेली ही व्यवस्था मला मोटारीतल्या सगळ्यात सुंदर कल्पनांपैकी एक वाटते.

ती आली मोठ्या, शांत गाड्यांसाठी. १९३० साली कॅडिलॅकने सोळा सिलिंडरचं इंजिन काढलं, त्यात तेलाच्या दाबाने फट नाहीशी करायची सोय होती. १९३३ मध्ये पिअर्स-ॲरोने तिला लिफ्टरमध्ये आणलं. १९४९ मध्ये कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल यांच्या नव्या व्ही-८ इंजिनांत ती आली, आणि १९५० मध्ये शेव्हरोलेने ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांना हायड्रॉलिक लिफ्टर दिले. साध्या गिअरच्या गाड्यांना मात्र तेव्हा फट ठेवावी लागणारे भरीव टॅपेटच राहिले. गिअरची खडखड गेल्यावर टॅपेटची टिकटिक कानाला जास्त टोचणार, हे त्यांनी ओळखलं असावं.

मुंबईत काय होतं? जनरल मोटर्सचा शिवडीतला जुळणी कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला आणि १९५४ मध्ये बंद पडला, कारण देशातच भाग बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना सरकारने दार बंद केलं. इंपाला हे नाव १९५८ मधलं. म्हणजे इथे दिसणाऱ्या इंपाला बाहेरूनच आल्या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पहिली गाडी कुर्ल्यातून १९४७ मध्ये बाहेर पडली. सुरुवातीला तिथे क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो बनत. त्यांच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बाजूला असत, आणि टॅपेट पान्याने सेट करावे लागत. पुढे फियाट आली, १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट, आणि सत्तरच्या दशकात तिलाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं. कारखान्याच्या जागी आज कोहिनूर सिटी उभी आहे. पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, अंधेरीच्या गॅरेजांत मेकॅनिकांच्या तीन पिढ्या या भरीव टॅपेटच्या गाड्यांवर तयार झाल्या. त्यांचा हात आणि कान पद्मिनीवर बसलेला आहे, आणि तो अस्सल आहे.

पण हा बसलेला हातच कधी कधी हायड्रॉलिक इंजिनाला नडतो, आणि मला तुम्हाला मुख्य सांगायचं आहे ते हेच. टॅपेट वाजला की पद्मिनीत कव्हर उघडून रॉकरचा स्क्रू थोडा पिळायचा असतो. इंपालाच्या व्ही-८ मध्येही रॉकरवर नट असतो. तो पिळला की आवाज जातो, आणि काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात प्लंजर खाली दाबला गेलेला असतो. फार पिळला तर प्लंजर तळाला टेकतो, मग लिफ्टरला आखूड व्हायला जागाच राहत नाही, इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि जळतो. तो नट फक्त इंजिन उघडून जोडताना बसवायचा असतो. कॅमचा उंचवटा खाली असताना पुशरॉडची ढील जेमतेम संपेपर्यंत नट आवळायचा आणि मग पुढे अर्धा ते एक फेरा द्यायचा, म्हणजे प्लंजर आपल्या चालीच्या मध्यावर येतो. नेमका किती फेरा ते त्या इंजिनाच्या सर्व्हिस पुस्तिकेत पाहावं. त्यानंतर नटाला हात लावायचं कारण नाही. नट आवळून हायड्रॉलिक लिफ्टरचा आवाज बंद करणं म्हणजे दुखणं झाकून वाढवणं.

मग तो वाजतो का? इंजिन बंद होतं तेव्हा काही व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत थांबतात. त्यांच्या स्प्रिंगचा भार लिफ्टरवर सतत राहतो आणि कोठ्यातलं तेल हळूहळू झिरपून जातं. तुमच्या मामेसासऱ्यांची गाडी पावसाळाभर बंद होती. ते लिफ्टर रिकामे झाले, आत हवा शिरली. सुरू केल्यावर तेलाचा दाब यायला, हवा बाहेर पडायला आणि कोठे भरायला काही वेळ लागणारच. आवाज आपोआप थांबला, याचा अर्थ लिफ्टर काम करताहेत. काळजीचं काही नाही. फक्त त्या पहिल्या काही क्षणांत ॲक्सिलरेटर दाबून इंजिन गुरगुरवू नये.

आवाज थांबला नाही तर आधी डिपस्टिक. तेल कमी असेल तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो. जास्त भरलं असेल तर फिरणारा क्रँकशाफ्ट तेल घुसळून त्याचा फेस करतो. दोन्हीकडे लिफ्टरमध्ये हवा जाते, आणि हवा दबते. हे आपल्या सिरिंजने दाखवलंच. दुसरं, गॅरेजमध्ये गेज लावून तेलाचा दाब मोजून घ्यावा. इंजिन थंड असताना शांत आणि तापल्यावर, एलबीएस मार्गावरच्या सिग्नलला उभं असताना सगळीकडून खडखडत असेल, तर तेल पातळ झालंय, पंप थकलाय किंवा बेअरिंग झिजून दाब निसटतोय. तिथे लिफ्टर बदलून काही मिळणार नाही. एकच लिफ्टर सतत वाजत असेल, तर गोळीखाली कचरा अडकलाय, जळक्या तेलाच्या थराने प्लंजर चिकटलाय किंवा कॅमचा उंचवटाच झिजलाय. आयडलला इंजिन ६०० फेऱ्यांवर असेल तर एका लिफ्टरची टिकटिक सेकंदाला पाच वेळा ऐकू येते, त्यावरून एकच वाजतोय की अनेक ते कळतं. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकलं तर जागाही सापडते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं तरी हुबेहूब तशीच टिकटिक येते, तेही तपासायला विसरू नये.

लिफ्टर उघडायची वेळ आलीच, तर या व्ही-८ मध्ये इनटेक मॅनिफोल्ड काढावं लागतं, ते त्याच्या खालच्या दरीत बसलेले असतात. काढताना प्रत्येकाला नंबर द्या आणि ज्याच्या त्याच्या जागी परत बसवा. लिफ्टरचा तळ सपाट दिसतो, पण किंचित फुगीर असतो, आणि कॅमचा उंचवटा किंचित उतरता. त्यामुळे चालताना लिफ्टर स्वतःभोवती फिरत राहतो आणि सारखा झिजतो. जागा बदलल्या तर ही जमलेली जोडी मोडते आणि कॅम खराब होतो. तसंच एका लिफ्टरचा प्लंजर दुसऱ्यात घालू नये, ते एकमेकांत घासून बसवलेले असतात. एक उघडा, रॉकेलमध्ये धुवा, जोडा, मग दुसरा. तळ सपाट किंवा खोलगट झालेला दिसला तर तो लिफ्टर गेला. नव्या कॅमवर जुने लिफ्टर कधीच घालू नयेत. सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाऊसला भाग शोधताना जुने, वापरलेले लिफ्टर स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका.

आता पद्मिनी. हायड्रॉलिक लिफ्टरला प्रत्येक बोअरपर्यंत दाबाखाली तेल लागतं. पद्मिनीचा ब्लॉक त्यासाठी आखलेला नाही. शिवाय भरीव टॅपेटच्या कॅमला फट हळुवार मिटवणारी लांब चढण असते, हायड्रॉलिकच्या कॅमला तशी लागत नाही. म्हणजे ब्लॉक, कॅम, टॅपेट सगळंच बदलावं लागेल, आणि उरेल ती पद्मिनी राहणार नाही. तिचे टॅपेट वेळेवर सेट करून घ्या. वडिलांची गाडी अजून बरीच वर्षं चालेल.

प्रश्न : माझ्याकडे हायड्रॉलिक लिफ्टरची एक जुनी अमेरिकन गाडी आहे. दुकानदार सांगतो, नवं सिंथेटिक ५डब्ल्यू-३० घाला, सगळ्यात भारी आहे. घालू का?
— एक वाचक, बोरिवली (पश्चिम)

उत्तर : घालू नका. ते तेल वाईट नाही, पण तुमच्या इंजिनासाठी नाही. सपाट तळाचा लिफ्टर कॅमवर घासत चालतो, आणि त्या जागी धातूला वाचवतं ते तेलातलं झिंक आणि फॉस्फरसचं संयुग. नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस बाधतो, म्हणून अलीकडच्या पातळ पेट्रोल तेलांत त्याचं प्रमाण ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित केलेलं आहे. नव्या इंजिनांच्या कॅमवर बहुधा रोलर असतात, त्यांना ते पुरतं. तुमच्या गाडीला ते कमी पडू शकतं. मुंबईच्या हवेत २०डब्ल्यू-५० किंवा झिंक जास्त असलेलं १५डब्ल्यू-४० घ्या. कॅम आणि लिफ्टर नवे बसवले असतील, तर पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन आयडलवर ठेवू नका. लगेच २००० ते २५०० फेऱ्यांवर साधारण वीस मिनिटं चालू द्या. कॅमवर तेल उडायला तेवढा वेग लागतो.

आणखी एक. कित्येक मालक दर रविवारी सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं गाडी सुरू ठेवतात आणि बंद करतात. यात तेल नीट तापत नाही, जळणातून आलेलं पाणी तेलातच राहतं आणि त्याचा चिखल होतो. तोच चिखल लिफ्टरच्या बारीक भोकांत जातो. सुरू केलीत तर पहाटेच्या मोकळ्या हायवेवर अर्धा तास चालवून आणा, नाहीतर सुरूच करू नका. किलोमीटर कितीही कमी झाले असोत, वर्षातून एकदा तेल बदला. मात्र वर्षानुवर्षांचा चिखल साचलेल्या इंजिनात फ्लशची बाटली ओतू नका. सुटलेल्या गुठळ्या पंपाच्या जाळीत अडकल्या तर तेलच बंद होईल. त्यापेक्षा थोड्या थोड्या अंतराने दोन-तीनदा तेल आणि फिल्टर बदला.

प्रश्न : बाबांच्या जुन्या बुलेटचे टॅपेट ते स्वतः सेट करायचे. माझ्या २०१२ च्या क्लासिक ३५० ला मेकॅनिक हातच लावू देत नाही. बरोबर आहे का?
— एक वाचक, अंधेरी (पूर्व)

उत्तर : तुमचा मेकॅनिक बरोबर आहे. बाबांच्या बिडाच्या इंजिनात पुशरॉडची लांबी हाताने जमवावी लागे. तुमच्या इंजिनात, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या पिढीत, हायड्रॉलिक लिफ्टर आहेत, आणि लिफ्टर का वाजतो याबद्दल वर सांगितलेलं त्यांनाही लागू आहे. मात्र या इंजिनात क्लचही त्याच तेलात बुडालेला असतो, म्हणून मोटारीचं तेल चालणार नाही. मोटारसायकलचं, जासो एमए दर्जाचं १५डब्ल्यू-५० घ्या. २०२० नंतरच्या नव्या इंजिनात कॅम वर गेला आहे आणि टॅपेट पुन्हा स्क्रूचे झाले आहेत, म्हणजे तिथे फिलर गेज परत आला. थंड गाडी सुरू केल्यावर थोडी टिकटिक झाली आणि थांबली तर दुर्लक्ष करा. गरम झाल्यावरही थांबत नसेल तर आधी तेलाची पातळी पाहा, मग तेल आणि फिल्टर बदला. तरीही वाजत राहिला, तरच लिफ्टर उघडायला सांगा.